प्रथमोपचाराची पेटी : नियमातील आणि उपयोगातील

(शिवथर परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिवथरचे नाव घेतले की महाराष्ट्राला येथील घळ आठवते, समर्थ रामदास आठवतात आणि दासबोधाचे लेखन येथे झाले ही परंपरा आठवते. त्या ग्रंथात सावधपणाला केवढे स्थान आहे, हे आपणास मी सांगावयास नको. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता अगदी लहान आहे. भिंतीवर टांगलेली एक पेटी, तिच्यात काही पट्ट्या, कापूस, कात्री आणि औषधाच्या एकदोन बाटल्या, एवढाच त्याचा पसारा. परंतु कामाच्या जागी माणूस जखमी होतो तेव्हा डॉक्टर भेटेपर्यंतच्या वेळात त्याचे काय होते, हे पुष्कळदा या पेटीवर आणि ती उघडणाऱ्या माणसावर अवलंबून राहते. कारखान्यांच्या तपासणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून कामाच्या जागेवरील प्रथमोपचाराची सोय नियमाप्रमाणे कशी राखावी आणि नियमाचा हेतूही कसा सांभाळावा, याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

हा विषय कारखानदारांचा, आम्हा गावकऱ्यांचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. संबंध अगदी जवळचा आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व औषधनिर्मितीचे कारखाने उभे राहिले आणि या दऱ्याखोऱ्यांतील तरुणांना घराजवळ रोजगार मिळाला. त्यांतील पुष्कळजण कंत्राटदारामार्फत कामाला लागलेले असतात, पाळीवर जातात आणि कित्येकांना यंत्राची व रसायनाची ओळख कामावर गेल्यावरच होते. शिवाय आपली शाळा, ग्रामपंचायतीचे कार्यालय, नळपाणी योजनेचे पंपघर, रोजगार हमीचे काम, भातगिरणी, दगडखाण, वीटभट्टी, याही कामाच्याच जागा आहेत.

अंतर आणि वेळ

प्रथमोपचार म्हणजे उपचार नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अपघात आणि वैद्यकीय उपचार यांच्यामधला जो काळ असतो, त्या काळात रुग्णाचा जीव राखणे, त्याची प्रकृती अधिक बिघडू न देणे आणि त्याला योग्य ठिकाणी पोहोचविणे, एवढेच त्याचे काम. मुंबई-पुण्यासारख्या शहरात हा काळ काही मिनिटांचा असू शकतो. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात तो तासांचा असतो. शिवथरहून महाड सुमारे ३० किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात हे अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही.

याची जाणीव या भागाला कठोर रीतीने झालेली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना पूल वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या पुरात गडप झाल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची गाडी दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून प्रथम खाली उतरले ते आसपासचे गिर्यारोहक व ग्रामस्थ. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली, त्या वेळी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, रस्ते तुटले होते आणि मदतपथके तेथे पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार मृत्युमुखी पडले. या घटनांची कारणे निरनिराळी आहेत. प्रथमोपचाराच्या पेटीने त्या टळल्या असत्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु बाहेरची मदत येईपर्यंत जवळचा माणूस हाच पहिला मदतनीस असतो, हे प्रत्येक वेळी दिसून आले आहे. त्या माणसाच्या हाती साधन असावे आणि ते कसे वापरावे हे त्याला ठाऊक असावे, यासाठीच कायद्याने तरतूद केलेली आहे.

कायद्याची वाटचाल

ही तरतूद सहजासहजी झालेली नाही. आपल्या देशात पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. धोकादायक यंत्रांना कठडे असावेत अशी तरतूद त्यात होती, परंतु जखमी कामगाराचे पुढे काय, याचा विचार फारसा नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जी निवेदने तयार केली, त्यांत रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच आणखी एक मागणी होती. कामावर असताना ज्याला इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी. कामावरची जखम ही त्या माणसाच्या दैवाची गोष्ट नसून ज्याने काम दिले त्याच्या जबाबदारीची गोष्ट आहे, हा विचार मराठी माणसाने १४० वर्षांपूर्वी मांडला, हे आपण विसरता कामा नये. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९२३ साली झाला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. त्याच्या ४५ व्या कलमाने प्रथमोपचाराविषयी चार गोष्टी स्पष्टपणे घालून दिल्या. एकाच वेळी कामावर असणाऱ्या दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी किंवा कपाट असावे. त्यात विहित केलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काहीही ठेवू नये. प्रत्येक पेटी स्वतंत्र अशा जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, त्या व्यक्तीजवळ प्रथमोपचाराचे मान्य प्रमाणपत्र असावे आणि कामाच्या सर्व वेळात ती व्यक्ती हजर असावी. जेथे ५०० हून अधिक कामगार असतील तेथे वैद्यकीय व परिचारक वर्गासह रुग्णोपचार कक्ष असावा. भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली या अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि कामगारांना धोक्याची माहिती देणे, आपत्कालीन योजना तयार ठेवणे ही व्यवस्थापनाची कर्तव्ये ठरली.

पुढे अनेक जुने कामगार कायदे एकत्र करून २०२० साली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. कल्याणविषयक सोयींच्या प्रकरणात पुरेशा प्रथमोपचार पेट्या असाव्यात आणि त्यांतील वस्तू कामाच्या सर्व वेळात सहज हाती लागाव्यात, हे तत्त्व या संहितेने कायम ठेवले आहे. कारखाने, खाणी व बांधकामे यांत ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णोपचार कक्षाची कल्पनाही कायम आहे. तपशील नियमांनी ठरतात आणि नियम बदलतात. म्हणून तपासणी करणाऱ्याने आणि सोय ठेवणाऱ्यानेही त्या तारखेस लागू असलेला नियम समोर ठेवूनच काम करावे. जुन्या परिपत्रकावर विसंबू नये.

पेटी असते, परंतु...

आता अनुभवाची गोष्ट सांगतो. प्रथमोपचाराची पेटी कोठेच नाही, असा कारखाना क्वचितच आढळतो. पेटी असते. ती कोणत्या स्थितीत असते, हा खरा प्रश्न होय.

एका ठिकाणी पेटीला कुलूप होते आणि किल्ली कार्यालयाच्या कपाटात होती. कार्यालय सायंकाळी साडेपाचला बंद होत असे, कारखाना मात्र तीन पाळ्यांत चालत असे. म्हणजे दिवसाच्या २४ तासांपैकी जवळजवळ १६ तास ती पेटी नव्हतीच. औषधे चोरीला जातात म्हणून कुलूप लावले, असे उत्तर मिळाले. चोरी थांबवायची असेल तर कागदी मोहोर लावावी. पेटी उघडली की मोहोर तुटते, कोणी तरी ती उघडली हे कळते आणि संकटाच्या वेळी किल्ली शोधावी लागत नाही.

दुसऱ्या ठिकाणी पेटीत पावत्या, विजेचे फ्यूज आणि कोणाची तरी तंबाखूची पिशवी मिळाली. विहित वस्तूंखेरीज काहीही ठेवू नये, हा नियम वरवर अतिकडक वाटतो. परंतु रक्त वाहत असताना पट्टी शोधणाऱ्या हाताला प्रथम पावत्यांचा गठ्ठा लागला, तर त्या नियमाचा अर्थ ताबडतोब उमगतो.

सर्वांत अधिक आढळणारा दोष मोजणीचा. कामगारांची संख्या मोजताना कंत्राटदाराचे कामगार वगळले जातात. १९७६ च्या दुरुस्तीपासूनच कारखाने अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेल्या माणसांचा समावेश झाला होता, तरीही ही सवय गेली नाही. एक सोपा हिशेब पाहू. एखाद्या कारखान्यात दिवसपाळीला कायम कामगार १३० आणि कंत्राटी १९० आहेत. कायम कामगारांपुरते पाहिले तर एक पेटी पुरते. सर्व ३२० माणसे धरली तर १५० च्या प्रमाणात तीन पेट्या लागतात आणि त्या तीन पेट्यांसाठी तीन प्रशिक्षित माणसे लागतात. तीन पाळ्या, साप्ताहिक सुटी, रजा आणि आजारपण धरले तर याहून किती तरी अधिक माणसे शिकवून तयार ठेवावी लागतात. ज्या कारखान्यात प्रथमोपचाराचे एकच प्रमाणपत्र भिंतीवर लटकते आणि तो प्रमाणपत्रधारक दिवसपाळीत असतो, तेथे रात्रीचा कामगार उघड्यावर आहे. आपल्या खोऱ्यातील मुले बहुधा याच रात्रपाळीच्या कंत्राटी कामगारांत असतात, म्हणून हा हिशेब आपण आवर्जून शिकला पाहिजे.

जुनी यादी आणि नवे ज्ञान

नियमाचे पालन म्हणजे केवळ यादीप्रमाणे वस्तू भरणे नव्हे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत पेटीतील वस्तूंची जी यादी दिली होती, तीत पट्ट्या, कापूस, कात्री यांबरोबर सर्पदंशाची जागा कापण्याचे छोटे पाते, पोटॅशियम परमँगनेटचे खडे आणि ॲस्पिरिनच्या १०० गोळ्यांची बाटली यांचा समावेश होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे दंशाची जागा चिरून त्यात परमँगनेट भरावे, असे सांगितले जाई. आजचे वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. जखम चिरू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये, तीवर काही चोळू नये. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव लाकडी पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. कोकणात फुरसे पुष्कळ आढळते. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णाची जागा पात्याने कापली किंवा वेदना थांबावी म्हणून त्याला ॲस्पिरिन दिले, तर आपणच रक्तस्राव वाढवितो.

म्हणजे यादीबरहुकूम भरलेली पेटी अजाण माणसाच्या हाती अपायकारक ठरू शकते. लागू असलेल्या यादीत एखादी वस्तू असेल तर ती परस्पर काढून टाका, असे मी सांगत नाही. ती केव्हा वापरू नये हे पेटीच्या प्रभारीस शिकवावे आणि यादीत बदल हवा असे वाटल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अभिप्रायासह औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तसे लेखी कळवावे. नियम करणाऱ्यापर्यंत क्षेत्रातील अनुभव पोहोचविणे हाही अनुपालनाचाच भाग आहे.

नवे ज्ञान नेहमी दुरून येते असेही नाही. विंचूदंशाविषयीचे मोलाचे ज्ञान याच तालुक्यातून जगाला मिळाले. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी साठते आणि रुग्ण गुदमरतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरून पाहिले. त्यांचे व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे याविषयीचे टिपण १९८६ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या उपचाराने विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले आणि २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. आपल्या दृष्टीने यातील बोध असा की, औषध डॉक्टरच देईल, परंतु रुग्ण वेळेवर पोहोचला तरच. दंशानंतर दरदरून घाम येणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मंत्र-तंत्रात किंवा घरगुती लेपात वेळ न दवडता रुग्णाला दवाखान्यात हलविणे, हा विंचूदंशावरील खरा प्रथमोपचार होय. शेतबांधावर, दगडखाणीत, वीटभट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे.

पाणी हे पहिले औषध

रासायनिक कारखान्यांच्या बाबतीत पेटीहूनही महत्त्वाची अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे वाहते स्वच्छ पाणी. आम्ल किंवा अल्क अंगावर उडाले तर भिजलेले कपडे तत्काळ काढून ती जागा निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ डोळा धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. आम्लावर अल्क ओतून त्याचा परिणाम मारण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून उष्णता निर्माण होऊन जखम अधिक खोल जाते. कोरड्या चुन्यासारखी भुकटी प्रथम झटकून टाकावी, मग भरपूर पाण्याने धुवावी. म्हणून डोळे धुण्याचे कारंजे आणि अंगावर पाणी घेण्याचा नळ कामाच्या जागेपासून काही पावलांवर हवा, त्याचा मार्ग पिंपांनी अडलेला नसावा आणि त्याला पाणी येते की नाही हे दररोज सोडून पाहावे. रंगविलेला परंतु कोरडा नळ मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

भाजलेल्या जखमेसही हाच न्याय. साधे थंड वाहते पाणी २० मिनिटे. शाई, टूथपेस्ट, हळद, तेल यांतील काहीही लावू नये. वाहत्या रक्ताला स्वच्छ कापडाचा थेट व सतत दाब द्यावा. श्वास व हालचाल थांबलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरकस दाब देत राहावे आणि दुसऱ्याला मदतीसाठी पिटाळावे.

याला जोडूनच एक सावधगिरी सांगतो. टाकीत, गटारात किंवा डिझेल इंजिन चालू असलेल्या विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, की त्याचा सोबती मागचा पुढचा विचार न करता खाली उडी घेतो आणि तोही तेथेच पडतो. एकामागून एक अशी दोनतीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. विषारी वायूत श्वसनाच्या साधनांशिवाय उतरणे हे धाडस नव्हे. मदत बोलवावी, शक्य तर हवा खेळती करावी आणि उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असावा, हा परिपाठ ठेवावा.

गावातील कामाच्या जागा

आता ग्रामपंचायतीकडे वळू. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, अशी अट घातली. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा अधिनियम करून देशाला वाट दाखविली, त्या महाराष्ट्रात तरी ही पेटी केवळ खर्चाच्या नोंदीत असू नये. हजेरीपत्रक घेऊन जाणाऱ्या माणसाने पेटीही बरोबर न्यावी, इतकी साधी गोष्ट आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यानेही बांधकामाच्या जागी प्रथमोपचाराची सोय आवश्यक ठरविली. गावात समाजमंदिर, पाण्याची टाकी किंवा शाळेची खोली बांधावयास कंत्राटदार येतो, तेव्हा कामाचा फलक कोठे आहे हे आपण विचारतो. पेटी कोठे आहे आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, हेही विचारावे.

पाणीपुरवठा कर्मचारी टीसीएल पावडर हाताळतो. तिचा डबा उघडताना वारा सुटला तर ती डोळ्यात जाते. त्याला हातमोजे व चष्मा द्यावा आणि डबा ठेवण्याची जागा नळाजवळ असावी. शाळेत प्रयोगशाळा आहे, मध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकघर आहे आणि तेथे काम करणाऱ्या भगिनी आहेत. उकळत्या भांड्याजवळ काम करणाऱ्या बाईला भाजण्यावरील प्रथमोपचार माहीत नसेल, तर शाळेची पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत असून उपयोग काय? शिक्षकांनी वर्षातून दोन वेळा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या निमित्ताने, मुलांना व कर्मचाऱ्यांना हे प्रत्यक्ष करून दाखवावे. मुलगा शाळेत शिकलेली गोष्ट घरी सांगतो आणि कारखान्यात जाणारा त्याचा भाऊ ती ऐकतो.

रुग्ण हलविण्याची व्यवस्थाही आधीच ठरवून ठेवली पाहिजे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. परंतु दूरध्वनीची लहर कोणत्या वळणावर मिळते, वाडीपासून रस्त्यापर्यंत रुग्णाला आणण्यासाठी डोली किंवा खाट कोठे आहे, दरड पडून वाट बंद झाली तर कोणाची गाडी पलीकडच्या बाजूला उभी राहू शकते, याची माहिती कार्यालयातील फलकावर लिहिलेली असावी. अपघातातील माणसाला मदत केली तर पोलिसांचे झंझट मागे लागेल, ही भीतीही सोडावी. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिले आहे, आणि तातडीचा उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तपासणीचा परिपाठ

शेवटी, हे सर्व टिकवावे कसे? उत्साहाने पेटी भरणे सोपे, ती भरलेली ठेवणे कठीण. यासाठी पुढील परिपाठ मी सुचवितो. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस वस्तूंचा तक्ता चिकटवावा. त्यात वस्तूचे नाव, किती असावी, किती आहे आणि मुदत केव्हा संपते, असे चार रकाने असावेत. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी प्रभारीने तक्ता तपासून सही करावी. वापरलेली वस्तू त्याच दिवशी परत भरावी. प्रत्येक वापराची नोंद एका वहीत घ्यावी : कोण, केव्हा, कोठे, काय झाले आणि काय केले. ही वही केवळ निरीक्षकाला दाखविण्यासाठी नसते. सहा महिन्यांत एकाच यंत्रावर चार जणांची बोटे कापली, असे वहीत दिसले तर दोष बोटांचा नसून यंत्राच्या कठड्याचा आहे, हे व्यवस्थापनाच्या ध्यानी आले पाहिजे. प्रभारीचे नाव, पाळी आणि त्याच्या बदली माणसाचे नाव पेटीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे. वर्षातून निदान एकदा, पूर्वसूचना न देता, रात्रपाळीत सराव घ्यावा आणि पेटी उघडून पहिली पट्टी बांधेपर्यंत किती वेळ गेला हे घड्याळ लावून पाहावे. माझ्या मते अनुपालनाची याहून चांगली कसोटी नाही.

निरीक्षक अधिकारी वर्षातून एकदा येईल, कदाचित त्याहूनही उशिरा येईल. पेटी मात्र रोज लागू शकते. म्हणून तिच्यावर खरी नजर ठेवणारी माणसे तेथे रोज वावरणारीच असली पाहिजेत. आपल्या गावातून कामाला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला पालकांनी, शिक्षकांनी व पंचांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. तुझ्या पाळीत प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे? ती कोण उघडतो? आणि डोळ्यात रसायन गेले तर पाण्याचा नळ किती पावलांवर आहे? ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याने दुसऱ्याच दिवशी ती कामावर विचारावीत. विचारणे हा त्याचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

ग्रामपंचायतींनी येत्या मासिक सभेत आपल्या हद्दीतील कामाच्या जागांची एक यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणच्या पेटीची पाहणी करून सभेपुढे अहवाल ठेवावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!